वाढत्या मापाचं

दोन पितळी पट्ट्यांमधली ती जागा... जेमतेम बोटाच्या पेराएवढी. मनिषने तिथे तर्जनी टेकवून पाहिली. एका तारेवर बसायचं ते बोट दोन तारांवर बसलं, आणि दुसऱ्या हाताने छेडलं तर सूर कसला निघतोय, कौलावर चिंच पडावी तसा नुसता टक् आवाज. त्याने बोट काढून घेतलं. बोटाला चिकूचा चीक होता, सकाळचा, साबण लावूनही न गेलेला, आणि तो आता त्या नव्याकोऱ्या तारेला लागला की काय म्हणून त्याने ती जागा शर्टाच्या बाहीने पुसून काढली.

काचेच्या काउंटरवर तीन युकुलेले, चार तारांची ती छोटी गिटारं, ओळीने निजवलेली होती. लहान, मधलं, मोठं. काउंटरच्या कडेवर हनुवटी टेकवून रुपल उभी होती, त्याची मुलगी, पाचवीतली. तिच्या शाळेत गाण्याच्या मॅडमनी या दिवाळीनंतर हे खूळ सुरू केलं होतं आणि आता ज्याचं त्याने स्वतःचं आणायचं होतं. पलीकडे दुकानदार नविनभाई, चष्मा कपाळावर चढवून, एका ढोलकीची दोरी आवळत बसलेले—गिऱ्हाईक निवांत निवडेल तर निवडू दे, अशा बेताने. आणि निलम, त्याची बायको, सकाळी म्हणाली होती, "लहानच घे. मोठं घेऊन काय करायचंय?"

मोठं घेऊन काय करायचंय.

तलासरीची गाडी पकडायच्या घाईत होती ती. तिथे एका दवाखान्यात नर्स आहे, ड्युटी चुकवता येत नाही, आणि नोव्हेंबरपासून रोज जमीन हलायला लागल्यावर तर नाहीच नाही. तोंडात पिन धरून ओढणी बसवत होती आणि दातांमधूनच बोलली. तोंडात पिन असताना माणूस कशाला खोटं बोलेल, तेवढी सवड कुठे असते... पण म्हणूनच! सवड नसताना जे तोंडातून निसटतं ते खरं असतं. मनिष तेव्हा चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

कारण त्यांच्या घरात कुठलीही वस्तू आजच्या मापाची येत नाही, आणि हा कायदा कुणाचा? निलमचाच. रुपलचा युनिफॉर्म दोन इयत्ता पुढचा, कमरेला चिमटे घालून, खाली दुमडून शिवलेला. रेनकोट असा की पोर रस्त्याने निघाली की नुसता रेनकोटच शाळेत चाललाय असं वाटावं. बुटांच्या टोकात कापूस. सायकल घेतली तेव्हा रुपलचे पाय पॅडलला पोचत नव्हते, वर्षभर ती सायकल ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या, आणि मनिषने कुरकुर केली तेव्हा हीच बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "पोर काय एवढीच राहणारे का?"

पोर काय एवढीच राहणारे का... आणि आज, मोठं घेऊन काय करायचंय. एकाच तोंडातून. मनात पाल चुकचुकली ती तिथे, सकाळच्या त्या चहापाशी, आणि मग घोलवडला जाईपर्यंत, शेडमध्ये दुपारपर्यंत फळं निवडताना, अर्धी सुट्टी टाकून शाळेतून रुपलला घेताना, ती चुकचुकतच राहिली.

आता तसं म्हणायला गेलं तर मनिषचं पोटच संशयावर चालतं. चिकूच्या पॅकिंग शेडमध्ये तो माल तपासायला असतो. वाड्यांतून पेट्या येतात, वरच्या थरात फळं कशी, मुठीत न मावणारी, एकसारखी, हात फिरवावासा वाटेल अशी. आणि पेटी पालथी केली की खालून लिंबाएवढी पिल्लं घरंगळत येतात. शेतकरी भला असो, ओळखीचा असो, पाहुणा का असेना, मनिष पेटी पालथी करतोच. शेडमध्ये त्याला सगळे 'फौजदार' म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. वरचा थर बघून माल घेणारा माणूस त्याला मूर्ख वाटतो.

मग निलमपाशी काय होतं मला? तिची पेटी मी कधी पालथी केली नाही. पाड्यावर रक्त तपासायला लोक आले होते, पाऊस संपता संपता, सिकलसेलसाठी. आपल्याकडे घरोघर आहे तो, रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, पाणी कमी पडलं की, गारठा लागला की अंग दुखतं, सांधे सुजतात, काही पोरं बरी राहतात आणि काही... रुपलच्या बोटाला टोचलं तेव्हा ती हसली होती. नंतर निलमनेच बातमी आणली. "नॉर्मल आहे सगळं," असं म्हणाली—चुलीकडे तोंड करून, भाकरी उलटताना. भाकरी उलटताना माणूस चुलीकडेच बघणार, भिंतीकडे थोडंच बघणार! तेव्हा मी असंच म्हटलं स्वतःला. आणि जेवलो.

"पप्पा, बघा," रुपल म्हणाली.

तिने लहान युकुलेले उचलून छातीशी धरलं होतं. कुणी न सांगता ते तिच्या कोपराच्या बेचक्यात जाऊन बसलं. डाव्या हाताचं एकच बोट तिने खालच्या तारेवर ठेवलं आणि उजव्या हाताने चारही तारांवरून नख फिरवलं, आणि दुकानात एकदम असा काही गोड, चिवचिवता आवाज झाला की नविनभाईंनी ढोलकीची दोरी सोडून मान वर केली.

"वा, बेटा! आ तो आवडते तुला!"

"हा सी कॉर्ड आहे," रुपल म्हणाली. "सीला एकच बोट लागतं. जीला तीन लागतात. जी मला अजून येत नाही नीट, बोटं दुखतात."

बोटं दुखतात.

तेही झालंय. गेल्या महिन्यात शाळेतून येऊन तिने बॅग टाकली आणि हेच म्हणाली होती, बोटं दुखतात, आणि निलमच्या हातातलं ताट—पडलं नाही, नाटकात घडतं तसं काही घडलं नाही, तिने ताट नीट खाली ठेवलं, फार नीट ठेवलं, आणि रुपलची बोटं एकेक करून दाबून पाहिली. पेर पेर. "इथे दुखतं? की इथे, सांध्यात?" "नाही गं मम्मी, टोकाला. तार रुतते तिथे." तेव्हा निलमने सोडलेला तो श्वास मी ऐकला. बाहेर ओट्यावर बसून ऐकला. तार रुतली म्हणून आई एवढी घाबरते का? नर्स असलेली आई, जी लोकांची हाडं मोडलेली रोज बघते?

आणि त्या गोळ्या. डाळीएवढ्या, पिवळ्या, रोज रात्री एक. "शक्तीच्या आहेत, सगळ्याच पोरींना देतात." सगळ्या पोरींना देतात त्या शाळेत देतात, आठवड्याला एकदा, आणि त्यांचा रंग वेगळा, मी मुद्दाम मास्तरांना विचारलं, चुलतभावाच्या पोरीचं निमित्त काढून. आणि पाणी! ऊठसूट पाणी. पाणी प्यायलीस का, बाटली संपवलीस का, बाटली भरलेलीच परत कशी आणलीस. डहाणूच्या किनाऱ्यावर सगळी पोरं लाटांत उड्या मारतात आणि ही चड्डी गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत बसते, कारण मम्मी म्हणाली पाणी गार आहे. आत्ता बघा, जानेवारी असला म्हणून काय झालं, भर दुपारी गळ्यापर्यंत स्वेटर, कपाळाला घाम आलाय पोरीच्या.

सगळं जुळतं. पेटीत एखादं बारीक फळ आलं तर ते चुकून येतं, पण एका खाली एक येतच राहिली तर ती कुणीतरी भरलेली असतात.

"मधला बघ," नविनभाईंनी दुसरं पुढे सरकवलं. "आने मग मोटा. तिन्ही वाजवून बघायचा, घाई नाय."

रुपलने मधलं घेतलं, वाजवलं, हसली, ठेवलं. मग मोठं घेतलं. ते तिला मिठीत घ्यावं लागलं. बाजूच्या गल्लीतल्या मोठ्या मुलीला कडेवर घेतलं असावं, तसा तिचा खांदा वर गेला, आणि डावा हात लांब करून करून तिने तीन बोटं त्या जीवर नेली, तिसरं काही पोचेना. जीभ दातांत धरून तिने पुन्हा हात ताणला. मग छेडलं. आवाज मात्र भरदार आला, घुमला, तिच्या स्वेटरच्या आतून आल्यासारखा.

"पोचत नाही," ती म्हणाली. "छोटंच घेऊ या ना पप्पा."

मनिषने नविनभाईंना विचारलं, आणि विचारताना आवाज शक्य तितका सहज ठेवला, "नाही, म्हटलं, लहान घेतलं तर मोठी झाल्यावर बदलावं लागेल ना? मग आत्ताच मोठं..."

नविनभाई खो खो हसले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "अरे मनिषभाई! हे काय चप्पल हाय काय, पाय वाढला ने बदलली? लहान घेऊन माणूस म्हातारा होईपर्यंत वाजवते. माझा साळा उमरगावला, पन्नासचा झाला, केवढा पोट हाय त्याचा, हाच वाजवते, हा एवढासा. साइज वयची नाय, अवाजची हाय. लहान हाय तो चिवचिव बोलते, मोटा हाय तो भरीने बोलते. बाकी तारा एकच, सूर एकच."

हे ऐकलं, आणि मनिषला वाटलं की आपल्याला आता मोकळं वाटायला हवं. वाटलंही, क्षणभर. छातीवर बसलेलं कुणीतरी उठून बाजूला झालं. म्हणजे लहान घेण्यात काही नाहीच मुळी! मॅडमनीही मेसेजमध्ये लिहिलं होतं, लहान किंवा मधलं चालेल. निलमने तो वाचला असणार आणि म्हणून म्हणाली असणार लहान घे—झालं! एवढ्या साध्या गोष्टीचा मी डोंगर केला, शेडमधला फौजदार घरात आणला. लाज वाटली पाहिजे...

पण निलमला हे ठाऊक होतं का?

मला ठाऊक नव्हतं. मला आत्ता, या मिनिटापर्यंत, वाटत होतं की हे चपलेसारखंच असतं, सायकलसारखं, फ्रॉकसारखं. तिलाही तसंच वाटत असेल तर? ती कुठून आणणार ही अक्कल, तिच्या माहेरी कोण युकुलेले वाजवत होतं? भोपळ्याचा तारपा फुंकायचा तिचा आजा, त्यात काय लहानमोठं. तिच्या मते मोठं म्हणजे उद्याचं, लहान म्हणजे आजचं. आणि असं समजूनही ती म्हणाली, लहानच घे.

म्हणजे आपण होतो तिथेच. मनिषने कपाळ पुसलं. एवढा वेळ मोकळं वाटलं होतं त्याचाच राग आला.

सोमीचा फ्रॉक होता, मोरपंखी. सोमी माझी धाकटी बहीण. महालक्ष्मीच्या जत्रेतून बाबाने आणला होता, आणि आई, आमची जमनाआई, तिने तो हातात घेतल्या घेतल्या उलटा करून शिलाई बघितली आणि म्हणाली, "मोठा हाय ना? मंग ठीक." दोन दुमडी घातल्या तिने खालून. एक पुढल्या जत्रेला उसवायची, एक त्याच्या पुढल्या. सोमी तो घालून ओट्यावर बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. खेळायला यायची नाही, गुडघे फुगलेले असायचे, आणि आम्ही पोरं तिला चिडवायचो—म्हातारे, उठ की! वारा लागलाय म्हणायचे सगळे. भगताला दाखवलं, कोंबडा दिला, झाडपाला बांधला. मोठ्या दवाखान्यात नेलं ते शेवटी. नाव नव्हतंच त्या दुखण्याला. म्हणजे असेल, आमच्यापर्यंत आलं नव्हतं. दोन्ही दुमडी तशाच राहिल्या.

आणि बरीच वर्षं गेल्यावर आईने तो फ्रॉक फाडून गोधडीला लावला, तेव्हा मी समोर बसलो होतो. बाहेरचं कापड पार विटलेलं, राखाडी. पण दुमड उसवली तर आतली पट्टी... आतली पट्टी जशीच्या तशी, मोरपंखी, कालच दुकानातून आणल्यासारखी. ऊन लागलंच नव्हतं तिला.  आईने ती पट्टी गोधडीच्या मधोमध लावली. रुपल रोज तीच पांघरते, तिला तो रंग आवडतो.

निलमच्या दवाखान्यात भिंतीवर सिकलसेलचं चित्र आहे. अर्धा रंग बापाकडून, अर्धा आईकडून, आणि खाली पूर्ण रंगवलेलं पोर. मी ते किती वेळा बघितलंय, तिला न्यायला गेलो की बाकावर बसून समोर तेच असतं. अर्धा बापाकडून... मी कधी तिथल्या खिडकीत हात पुढे करून म्हटलं का, माझंही बघा? नाही म्हटलं. मग निलमने काय करावं? काय सांगावं या माणसाला, ज्याच्या घरात ते आधीच एकदा येऊन गेलंय?

"पप्पा, घ्यायचं ना?"

तेवढ्यात सगळं वाजलं.

आधी काही कळलंच नाही. भिंतीवर खुंट्यांना टांगलेली गिटारं, बेंजो, एक जुनी सतार, काउंटरवरची ती तीन युकुलेले... सगळ्या तारा एकदम, बारीक, कुणी हात न लावता गुणगुणायला लागल्या. काचेच्या कपाटातले घुंगरू थरथरले. पायाखालून काहीतरी सरकत गेलं. मनिषने रुपलला दंडाला धरून ओढलं, तो दारापर्यंत पोचला, आणि तोवर थांबलंही. तारा मात्र अजून थोड्या वाजत होत्या.

"आला तुमचा तलासरीवाला," नविनभाई म्हणाले. ते जागचे हललेही नव्हते. "रोजचा गिऱ्हाईक झालाय. घेत काय नाय, हलवून जाते."

रुपल हसत होती. "पप्पा, ती आपोआप वाजली!"

मनिषने तिथेच, फुटपाथवर उभं राहून निलमला फोन लावला. लागत नव्हता. मग लागला. मागे गलका होता, कुणीतरी ओरडून खाटा सरकवायला सांगत होतं.

"बरी आहेस ना? जोरात झाला का तिकडे?"

"झाला. पेशंटना बाहेर आणलंय, काही नाही, ठीक आहे सगळं." मग लगेच, श्वासही न घेता, "रुपल पाणी प्यायली का?"

"अगं भूकंप झालाय आणि तू..."

"ते रोजचं आहे रे. बाटली तिच्या बॅगच्या बाजूच्या कप्प्यात आहे. उन्हात उभं नको करूस तिला. आणि स्वेटर काढू नको देऊ, येताना वारं लागेल. घेतलंस का?"

"नाही अजून."

"लहानच घे. ऐक माझं."

मनिषने फोन खिशात टाकला. समोरून चिकूच्या पेट्या भरलेला टेम्पो स्टेशनकडे गेला. ऐक माझं... असं ती कधी म्हणते? आई आजारी होती आणि मी म्हणत होतो उद्या नेऊ, तेव्हा म्हणाली होती. नेहमी नाही म्हणत. आणि जमीन हलताना बायकोच्या तोंडी पोरीचं पाणी यावं? बरं, आईच ती, आईला दुसरं काय सुचणार, तिचं डोकं त्या पेशंटमध्ये आणि जीव इथे. दोन्ही खरं वाटतं. मेलं, दोन्हीही खरं वाटतं, हाच तर त्रास आहे! सरळ विचारावं. आज घरी गेल्यावर समोर बसवून विचारावं, काय आहे ते सांग. आणि तिने सांगितलं तर?

नाही. विचारलं तर ती परत चुलीकडे तोंड करेल.

तेव्हाच त्याच्या डोक्यात तो बेत आला. आला आणि त्याला तो एकदम पसंत पडला, इतका साधा होता. मोठं घ्यायचं. मोठं घेऊन तिच्यापुढे उभं करायचं, न सांगता न सवरता, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. तोंडाने बाई काहीही म्हणेल, पण पहिल्या क्षणाचा चेहरा... पेटी पालथी केल्यावर शेतकऱ्याचा चेहरा जसा होतो, माल बघायचीही गरज उरत नाही, तसा. रागावली—मॅडमनी लहान सांगितलं होतं, तुला एक काम धड येत नाही म्हणून कडकडली, तर सोन्याहून पिवळं. मी तिचे पाय धरीन. आणि नाही रागावली तर...

तो आत गेला. "मोठं द्या," म्हणाला.

रुपलच्या हातात लहान होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, थट्टा करतोय का ते. मग नविनभाईंकडे पाहिलं.

"मनिषभाई, बेटीला तो लहान..."

"वाढेल ना ती!" मनिष म्हणाला. फारच मोठ्याने म्हणाला. बाहेरचा पानवाला वळून बघायला लागला. "वाढणार नाही का? पोर काय एवढीच राहणारे का?"

रुपलने लहान युकुलेले काउंटरवर ठेवलं. आदळलं नाही, हट्ट केला नाही. तारांवर एकदा हात ठेवून त्या गप्प केल्या आणि ठेवलं. तिचा हट्ट न करणंही आईकडून आलेलं आहे. नविनभाईंनी मोठं काळ्या पिशवीत घातलं, चेन ओढली, आणि मनिषकडे न बघता म्हणाले, "ओरखडा नको पाडू बेटा. नाय फावला तर बदलून देईन."

शेअर रिक्षात पुढे ही दोघं, मागे मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. पिशवी रुपलच्या मांडीवर मावेना. तिने चेन थोडी उघडून आतला लांब दांडा बाहेर काढला आणि रानशेतचा थांबा येईपर्यंत, खड्ड्यांत रिक्षा आपटत असताना, ती न वाजवताच बोटं ठेवून बघत राहिली. एक. दोन. तिसरं ताणायची, अंगठा मागून सुटायचा, परत धरायची.

"पोचत नाही, पप्पा."

"पोचेल."

"कधी?"

एका बाईने विचारलं, "काय गं, केवढी मोठी सारंगी?" आणि रुपल तिला समजावून सांगायला लागली, ही सारंगी नाही, हिच्या तारा नायलॉनच्या असतात, आणि मनिष सुटला. त्याला बाहेर बघता आलं. वाड्या संपल्या, सागाची झाडं लागली. त्याला शेडमधलं सुचत होतं, नको असताना. चिकू तोडला की वाढत नाही. लोकांना वाटतं ठेवलं की मोठा होईल. नाही होत, पिकतो फक्त. रोज कुणालातरी तो हे सांगतो. का सांगत असतो मी हे लोकांना...

थांब्यावर दोघं उतरले. निलम चारोटीकडून यायची, याच वेळेला, मग तिघं मिळून पाड्याकडे चालत जायचे. ऊन कललं होतं. रुपल थांब्याच्या कट्ट्यावर बसली, पिशवी पाठीला लावून. पिशवीचं टोक तिच्या डोक्याच्या वर येत होतं. पाय हलवत होती. गुडघे बघितले मी. दोन्ही सारखे होते. उजवा किंचित... नाही, सारखे होते, उजव्याला शाळेच्या मैदानातली धूळ लागली होती. माझं आयुष्य आता असंच जायचं का, गुडघे बघत?

आणि मग वाटलं, निलमचं असंच चाललं असेल. पाऊस संपल्यापासून. रोज. मी ओट्यावर बसून तिच्यावर पाळत ठेवत होतो आणि ती पोरीवर. एकटी.

जीप आली. मनिष सरळ उभा राहिला. बेत ठरलेला होता, तीन पावलं पुढे जायचं, रुपलला पुढे करायचं आणि बघायचं. निलम मागच्या दाराने उतरली, ओढणी सावरली. केसांना धूळ होती, दुपारपासून मैदानात पेशंटबरोबर बसली असणार. तिने आधी रुपलकडे पाहिलं. मग तिची नजर वर जायला लागली, पिशवीकडे, रुपलच्या डोक्याच्या वर...

आणि मी खाली बघितलं.

चपलेचा अंगठा सुटत आला होता. तो मी बघत होतो. शिलाई एका बाजूने गेलेली, दुसऱ्या बाजूने जरा धरून. ज्यासाठी पोरीच्या हातातलं काढून घेतलं, तो एक क्षण माझ्या डोक्यावरून जात होता आणि मी चप्पल बघत होतो. मान वर करायची होती फक्त. फौजदार म्हणे!

"मोठं घेतलंस?" निलम म्हणाली.

आवाजात काही होतं का? जीपचं इंजिन चालू होतं, कंडक्टर पोरगा पत्रा बडवत होता.

"हो," मी म्हणालो. चपलेलाच म्हणालो. "वाढेल ना ती."

जीप गेली. एकदम शांत झालं. आता बोलेल, आता कडकडेल; मी वाट बघत होतो, देवा, एकदा कडकड, एक काम धड येत नाही म्हण मला. रुपल म्हणाली, "मम्मी, जीला बोट पोचत नाही माझं."  निलम म्हणाली, "राहू दे. मोठंच राहू दे."

संध्याकाळचं वारं सुटलं होतं, सागाच्या वाळक्या पानांचा आवाज येत होता. मी रुपलजवळ गेलो. तिच्या स्वेटरची चेन अर्धी खाली आली होती, ती गळ्यापर्यंत ओढली. बॅगच्या बाजूच्या कप्प्यातून बाटली काढली. भरलेलीच होती जवळजवळ.

"पाणी पी," मी म्हणालो.

"तहान नाही लागली."

"नसू दे. दोन घोट तरी. पी."

निलमचा हात पुढे आला होता. त्याच बाटलीकडे आला होता, रोजच्यासारखा. तो मध्येच थांबला. मला तिची बोटं दिसली, थांबलेली, आणि मग ती हळूच मागे गेली. रुपल पीत होती, कुरकुरत, घटाघट. आणि आता मान वर न करताही मला कळत होतं की निलम माझ्याकडे बघतेय, पोरीकडे नाही, पिशवीकडे नाही, माझ्याकडे. तिच्या मनात येत असणार, याला कुणी सांगितलं? केव्हापासून? किती?

रुपलने बाटली परत दिली. मी झाकण लावायला लागलो. ते आट्यांत नीट बसत नव्हतं.